चांदवडमार्गे

"इथंच," मी म्हणालो आणि स्कूटर थांबवली.

बाबा उतरले आणि पाटीकडे बघत उभे राहिले. पाटीवर 'सुग्रास' एवढंच उरलं होतं. पुढचं 'भोजनालय' खरवडून तिथं बिअरचा निऑन ग्लास लावला होता, आणि त्यातला फेस उचकी लागल्यासारखा पेटत-विझत होता. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"रंगकाम केलंय त्यांनी," मी म्हणालो.

बाबांनी दोनदा टाळी वाजवली. आमच्या घरात तेव्हा एक टाळी म्हणजे चहा, दोन म्हणजे 'मला फसवू नकोस' आणि तीन म्हणजे आईनं माहेरचा विषय आवरता घ्यावा, असं ठरलेलं होतं.

"फसवत नाही. जेवणच आहे. फक्त आधी थोडा कार्यक्रम आहे."

बाबांनी पुन्हा दोनदा टाळी वाजवली. शेजारच्या पानवाल्यानं आपल्यालाच बोलावताहेत असं समजून "आलो, आलो" केलं. त्या गोंधळात मी त्यांना आत नेलं.

ही नाशिकची गोष्ट. मी तेव्हा तेवीस-चोवीसचा होतो आणि वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत फोन उचलायचो. बाबा बसस्टँडवर उद्घोषक होते. चौकशीच्या खिडकीमागं एक काचेची खोली, तिच्यात एक टेबल, एक माइक आणि बाबा. जिल्ह्यातल्या निम्म्या माणसांनी त्यांचा आवाज ऐकला होता आणि चेहरा कुणीच पाहिला नव्हता. आईचे वडील भुसावळहून बदलून नाशिकला आलेले. ती रोज स्टँडवरून कॉलेजला जायची. हे स्थळ सांगून आलं तेव्हा तिनं म्हणे आवाजावरच होकार कळवला. चेहरा साखरपुड्यात पाहिला, तोवर पेढे वाटून झाले होते.

बाबा निवृत्त झाले त्याच वर्षी दिवाळीनंतर त्यांच्या स्वरयंत्रावरची गाठ काढावी लागली. गाठ साधी निघाली. काही दिवस गळ्याला विश्रांती दिली आणि मग डॉक्टर कापडणीस म्हणाले, "हं, झोपेसाहेब, बोला आता." बाबा म्हणाले, "काय बोलू?" आणि वळून मागं पाहिलं. मागं कुणी नव्हतं. गंजलेलं फाटक ओढल्यासारखा तो आवाज त्यांचाच होता. बाबांनी तोंड मिटलं, ते मिटलंच. संक्रांतीला लोक तिळगूळ हातावर ठेवून 'घ्या' एवढंच म्हणायचे आणि पुढचं गिळायचे. होळीला बोंब मारायला सगळी गल्ली जमली, बाबा लांब उभे राहून नारळाकडे बघत होते.

"गळ्याला आता काहीही झालेलं नाही," डॉक्टर आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले. "पण वापरला नाही तर तो आखडेल. मग त्यांनी मनावर घेतलं तरी माझ्या हातात काही राहणार नाही. बोलतं करा त्यांना. लवकर."

"कसं?" आईनं विचारलं.

"हसवा. हसताना माणूस आपला आवाज ऐकत बसत नाही."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी दर गुरुवारी 'सुग्रास'मध्ये ओपन माइकला विनोद सांगायला जातो, हे तिला माहीत होतं. तिथं मला अजून कुणीही हसलेलं नाही, हे तिला माहीत नव्हतं. म्हणजे एकदा एक जण हसला होता, पण त्याच्या फोनवर काहीतरी आलं होतं.

त्या गुरुवारी निघताना ती दारापर्यंत आली. "हसव रे त्यांना," ती हळूच म्हणाली. "आणि नाहीच हसले, तर निदान पोटभर जेवू तरी घाल."

'सुग्रास'ची खानावळ होती तेव्हा बाबा लग्नाआधी तिथं जेवायचे. त्यामुळं आत शिरल्यावर ते ओळखीचं काहीतरी शोधत राहिले. सापडायला फारसं काही नव्हतं. भिंती काळ्या केल्या होत्या. पाण्याची टाकी होती तिथं बिअरचे नळ होते. पण हात धुवायचं बेसिन जागच्या जागी होतं, आणि त्यावरची 'येथे चूळ भरू नये' ही पाटीही. देव्हारा हलवायला मालकांनी साफ नकार दिला होता, म्हणून तो नुसता वळवला होता. देव पबकडे पाठ करून रस्त्यावरची रहदारी बघत असायचे.

मालक म्हणजे निकुंभ अण्णा. मुलीनं, केतकीनं, खानावळीचा पब केला तो त्यांनी सहन केला, पण गल्ला सोडला नाही. पांढरा हाफ शर्ट, कपाळाला गंध, आणि पोरंपोरी आत आली की विचारायचे, "किती पानं?" पोरं म्हणायची, "चार बिअर." अण्णा आत ओरडायचे, "चार पानं!"

केतकी गुरुवारचा कार्यक्रम चालवायची. आम्हाला बघून ती टेबलांमधून वाट काढत आली.

"आले का झोपे! आणि हे?"

"माझे बाबा."

"अय्या, काका, नमस्कार! पुष्कर तुमच्याबद्दल किती सांगत असतो!"

मी काहीच सांगितलेलं नव्हतं. बाबांनी हात जोडले.

"काका बोलत नाहीत?"

"मौन आहे त्यांचं."

"वा! माझ्या नवऱ्याला शिकवा की," ती म्हणाली आणि त्यांना बेसिनजवळच्या टेबलाशी बसवून मसाला पापड आणि सोडा पाठवला. बाबांनी सोड्याचा वास घेतला, मग माझ्याकडे बघत पुन्हा एकदा घेतला, मग पापड मोडून खाऊ लागले. आजवर लोक हसले नाहीत तर माझं काय जायचं? गुरुवार जायचा. आज मी एका माणसाच्या गळ्यासाठी उभा राहणार होतो, आणि माझ्याकडे होते ते विनोद माझ्या आडनावावरचे होते.

"ऐक," केतकी म्हणाली, "वेळ संपली की मी टॉर्च दाखवते ना, पण माझा फोन मेलाय. तो आत चार्जिंगला लावलाय. आज अण्णा सांगतील. अण्णा, याची पाच मिनिटं झाली की याला सांगा हं!"

"सांगतो," अण्णा गल्ल्यावरून म्हणाले.

माझ्या आधी एका मुलानं त्याच्या ब्रेकअपवर विनोद केले आणि शेवटी त्याचा आवाज भरून आला. लोकांनी त्याला टाळ्या दिल्या. मग केतकीनं माइक हातात घेतला. "आणि आता आपल्याला जागं ठेवायला येताहेत... झोपे!"

कुणी हसलं नाही. तिनं माझा सगळ्यात चांगला विनोद वापरून टाकला होता.

मी उभा राहिलो. "नमस्कार. माझं आडनाव झोपे. शाळेत सर हजेरी घ्यायचे. 'झोपे' म्हटलं, की मागच्या बाकावरची मुलं आज्ञा समजून आडवी व्हायची."

एका टेबलावर काटा पडला.

"माझ्या काकांनी गाद्यांचं दुकान काढलं. झोपे गादी भांडार. लोकांना वाटलं ती सूचना आहे."

बेसिनचा नळ ठिबकत होता, तो ऐकू येऊ लागला. मी बाबांकडे पाहिलं. ते पापडावरचा कांदा एकेक करून बाजूला काढत होते. आडनाव त्यांचंही होतं. मी आणखी दोन विनोद केले. त्यातला एक मला आता आठवत नाही आणि दुसरा मी आठवू इच्छित नाही. दुसऱ्या टेबलावरच्या जोडप्यानं बिल मागवलं. माझ्याकडचं सगळं संपलं होतं. मी 'धन्यवाद' म्हणायला तोंड उघडलं.

तेवढ्यात गल्ल्यावरून अण्णांनी हात वर केला. "वाढव!" ते म्हणाले.

मला आधी खरं वाटलं नाही. मी भुवया उंचावल्या.

"अरे, वाढव, वाढव!" अण्णांनी पंजा हवेत हलवला.

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे आणखी मागत होतं. गंध लावलेला, पापभीरू, साठी उलटलेला माणूस. त्याला या पडझडीत काहीतरी दिसलं असणार. पण वाढवायचं काय? पातेलं घासून ठेवलं होतं. मी माइक तोंडाजवळ तसाच धरून उभा राहिलो. आणि काहीच सुचत नसताना माणसाच्या तोंडून जे लहानपणापासून कानांवर पडलंय तेच निघतं.

"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे," मी म्हणालो. 'द्यावे'तला शेवटचा स्वर थोडा ओढून, मग वर नेऊन सोडलेला. अगदी बाबांचा. "टेबल क्रमांक दोनवर लागलेले दोन प्रवासी बराच वेळ एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांनी कृपया वाहकाशी संपर्क साधावा."

जोडप्यातली मुलगी फस्सकन हसली. मुलाला हसू आवरायचं होतं, ते त्याच्या नाकातून आलं.

"टेबल क्रमांक पाचवरून सुटणारं बिल तांत्रिक कारणामुळं उशिरानं धावत आहे. प्रवाशांना होणाऱ्या आनंदाबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

पाच नंबरवर हशा. खराखुरा. मला तो आवाज इतका अनोळखी होता की दाराबाहेर काही झालं की काय म्हणून मी तिकडं पाहिलं.

"प्रवाशांनी आपापले शेंगदाणे सांभाळावेत. शेजारच्या ताटात हात घालणाऱ्यांपासून सावध राहावे."

हसू एका टेबलावरून दुसऱ्यावर जात होतं. मी मोठ्या आशेनं बाबांकडे पाहिलं.

बाबा हसत नव्हते. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता. त्यांनी रुमालाला हात पुसले, खुर्ची मागं सारली आणि उभे राहिले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्यांचा गेलेला आवाज मी भर पबमध्ये, त्यांच्यासमोर, शेंगदाण्यांसाठी वापरत होतो. ते आता दाराकडे जाणार, पायी घरी जाणार, आणि मग डॉक्टर, आई, कुणीच काही करू शकणार नाही.

माझी जीभ लटपटली. पण थांबताही येईना.

"नाशिकहून निघून," मी म्हणालो, "सिन्नर... मार्गे... मालेगावला जाणारी..."

"चांदवड."

कुणीतरी फाटक ओढलं होतं. लोक इकडंतिकडं पाहू लागले. आवाज कुठून आला ते कुणाला कळलं नाही. मला कळलं.

बाबा टेबलाला धरून उभे होते. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "मालेगाव चांदवडमार्गे," ते म्हणाले. "सिन्नर कुठून आलं?"

पूर्ण वाक्य होतं. प्रश्नचिन्हासकट.

मी माइक दोन्ही हातांनी धरला. "दुरुस्ती," मी म्हणालो. "नाशिकहून निघून, दिंडोरीमार्गे पुण्याला जाणारी गाडी..."

"काय बोलतोयस!" बाबा म्हणाले. "दिंडोरी वर, पुणं खाली! सिन्नर, संगमनेर..." इथं त्यांना धाप लागली. त्यांनी श्वास घेतला. "...नारायणगाव!"

सगळा पब हसला. आणि बाबांचा हात गळ्याकडे गेला.

मी ते पाहिलं. लोक माझ्या मूर्खपणाला हसले होते, पण बाबांना वाटलं, आपल्या आवाजाला हसले. ते खाली बसायला लागले. अर्धे बसले. तोंड मिटायला लागलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं आणि मला एकही गाव आठवेना. गल्ल्यावरून अण्णा चिडून म्हणाले, "अरे, वाढव म्हणतो ना!"

"काका!" पाच नंबरच्या टेबलावरून एका बाईंनी हात वर केला. चाळिशीच्या असतील, ऑफिसचं ओळखपत्र गळ्यातच होतं. "काका, तुम्ही सांगा हो. मला खरंच उद्या सुरगाण्याला जायचंय. हा पोरगा काहीही सांगतोय."

बाबा अर्धवट बसलेल्या अवस्थेत थांबले. उभ्या आयुष्यात त्यांनी एकाही प्रवाशाला उत्तर न देता पाठवलं नव्हतं.

"दिंडोरी, वणी," ते म्हणाले. मग घसा खाकरला आणि ताठ उभे राहिले. "सकाळची पकडा. दुपारच्या गाडीत चढायला जागा मिळत नाही. वणीला पाणी भरून घ्या, पुढं घाट आहे."

"थँक्यू हं, काका."

"डाव्या बाजूला बसा. ऊन लागत नाही."

आता मला सगळी गावं आठवली.

"निफाडमार्गे त्र्यंबकेश्वरला जाणारी गाडी," मी म्हणालो.

"गाढवा, त्र्यंबक उलट्या दिशेला!"

"ओझरमार्गे शिर्डीला."

"विमानानं जाणारेस का?"

"येवला, पैठण आणि श्रीलंकामार्गे सटाण्याला जाणारी निमआराम गाडी थोड्याच वेळात..."

"श्रीलंकेला आपल्याकडे फलाट नाही!" बाबा टेबलांमधून माझ्याकडे चालत येत होते. "दुसऱ्या डेपोत चौकशी करा!"

लोक टेबलं बडवत होते. दोन नंबरच्या जोडप्यानं बिल परत पाठवून दोन पानं आणखी मागवली होती. अण्णा गल्ला सोडून पुढं आले होते आणि नुसते तोंड उघडं ठेवून ऐकत होते.

बाबा माझ्यापर्यंत पोहोचले. "दे इकडं," ते म्हणाले आणि माझ्या हातून माइक काढून घेतला. त्यावर एक टिचकी मारली. मग त्यांना स्पीकरमधून स्वतःचाच श्वास ऐकू आला, आणि क्षणभर मला वाटलं, गेलं. आता हे पुन्हा मागं वळून बघणार.

"प्रवाशांनी," बाबा म्हणाले, "कृपया इकडे लक्ष द्यावे."

आवाज फाटलेला होता. मधली मधली अक्षरं हवेतच विरत होती. पण 'द्यावे' जिथं ओढायचं तिथं ओढलं होतं आणि जिथं सोडायचं तिथं सोडलं होतं.

"नाशिकहून निघून ओझर, पिंपळगाव, चांदवड, मालेगावमार्गे धुळ्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक पाचवर लागलेली आहे."

"पिंपळगाव!" कोपऱ्यातून एक मुलगा हात वर करून ओरडला.

बाबांनी त्याच्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे त्याला जागा मिळेल. "नाशिकहून निघून निफाड, विंचूर, येवलामार्गे..."

"येवला! येवला!" दोन मुली उभ्याच राहिल्या.

मग ते चालूच झालं. बाबा एकेक मार्ग म्हणायचे आणि ज्याचं गाव येईल तो ओरडायचा. सटाणा, कळवण, साक्री. नांदगाव. संगमनेरच्या वेळी टाळ्या पडल्या. भाड्याच्या खोल्यांत राहणारी, दिवसभर कुणाच्या तरी कंपनीत राबणारी ती पोरंपोरी. त्यांचं गाव एवढ्या मोठ्यानं कुणी म्हटलं नसेल बऱ्याच दिवसांत. मनमाड म्हटल्यावर आत भाजी चिरणारे आचारी बाहेर आले. ते मनमाडचे होते.

डॉक्टरांनी हसवायला सांगितलं होतं. बाबा त्या संध्याकाळी एकदाही हसले नाहीत. कामावर असताना ते हसत नसत.

माइक खाली ठेवून बाबा घामाघूम होऊन टेबलाशी आले, तेव्हा अण्णा स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभे होते. पबमध्ये तांब्या कुठून आला, देव जाणे.

"तू स्टँडवरचा ना?" अण्णा म्हणाले. "काचेतला?"

बाबांनी मान हलवली.

"इथं जेवायचास. खाली मान घालून. मला कधी कळलंच नाही की तो तू."

"आता कसं कळलं?" बाबा म्हणाले. "आवाज राहिलाय कुठं?"

"आवाज नाही ओळखला मी. नारायणगावच्या आधी श्वास घेतलास, तो ओळखला. माझं दुकान स्टँडच्या मागं. तीस वर्षं तो श्वास ऐकून दुपारची भाकरी टाकायचो आम्ही. पुण्याची गाडी लागली की गिऱ्हाईक उठणार."

बाबा तांब्यातलं पाणी सगळं प्यायले. मग त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "या गाढवाला कशाला चढवलंत? एक मार्ग धड माहीत नाही."

"मी चढवलं?" अण्णा माझ्यावर घसरले. "याला तीनदा सांगितलं, वाढव म्हणून!"

"म्हणून तर वाढवलं," मी म्हणालो.

"अरे, वाढव म्हणजे... दुकान वाढवतात तसं वाढव! गिऱ्हाईक उठून चाललं होतं रे!"

"म्हणजे?" मी विचारलं.

"दिवा वाढवतात. दुकान वाढवतात," अण्णा म्हणाले. "घरात तांदूळ संपले तरी वाढले म्हणतात. भरल्या दुकानात 'बंद कर' असं अभद्र कोण बोलेल? तुमच्यात म्हणत नाहीत?"

"आमच्यात टॉर्च दाखवतात," मी म्हणालो.

बाबांच्या तोंडून एक विचित्र आवाज आला. घंटीच्या आत पाणी गेल्यासारखा. आम्ही दोघंही घाबरलो. अण्णांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. पण बाबांनी हातानं थांबवलं, आणि तो आवाज पुन्हा आला, मग पुन्हा, आणि मग मला कळलं की हे ते हसताहेत. त्यांची ड्यूटी संपली होती.

आम्ही जेवलो. पिठलं मेनूत नव्हतं, अण्णांनी करवून आणलं.

'सुग्रास' आता तिथं नाही. तिथं मोबाइलची कव्हरं विकणारं दुकान आहे. केतकी नवऱ्याबरोबर परदेशी गेली, तो अजून बोलतो म्हणे. मी पुढं पुष्कळ स्टेजवर उभा राहिलो, लोक बरेचदा हसतात, पैसेही देतात. बाबांचा आवाज कधीच पहिल्यासारखा झाला नाही. पण त्या दिवसापासून ते बोलायला लागले ते पुढची कितीतरी वर्षं थांबलेच नाहीत. इतके, की टाळ्या वाजवायची वेळ आईवर आली. आता बाबा नाहीत, घरात पुन्हा शांत असतं. मी भेटायला गेलो की आई टीव्ही जरा मोठा ठेवते.

तर त्या संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा रस्त्यावर अजून चांगली वर्दळ होती. मी हेल्मेट घातलं, बाबा मागं बसले, आणि स्टँड ओलांडतो न ओलांडतो तोच मागून काहीतरी ऐकू आलं. शब्द लागेना. हॉर्न, रिक्षा, आणि मध्येच ती फाटलेली कुजबुज.

"काय?" मी ओरडलो.

ते पुन्हा बोलले. पुन्हा कळलं नाही. मी रस्त्याच्या कडेला घेतलं, हेल्मेट काढून पुढं पायाशी ठेवलं आणि गाडी हळूहळू चालवायला लागलो. बाबा हनुवटी माझ्या खांद्यावर टेकवून बोलत होते. पिठल्यात लसूण कमी होता. आईला आधी फोन करायचा नाही, दारात उभं राहून हाक मारायची. श्रीलंकेचं सुचलं तरी कसं मला. मी 'हो, हो' म्हणत होतो आणि पुढचा रस्ता मला नीट दिसत नव्हता.

सिग्नलवर वाहतूक पोलिसानं हात आडवा केला.

"हेल्मेट?"

"आहे," मी म्हणालो आणि पायाशी ठेवलेलं दाखवलं.

"ते काय पायात घालतात होय? घ्या बाजूला."

"एक मिनिट," बाबा उतरत म्हणाले. "त्याची चूक नाही. मी सांगतो."

पोलिसानं तो आवाज ऐकला आणि जरा चमकून पाहिलं. "बरं नाही का, काका? राहू द्या, नका बोलू."

"नाही, बोलतो ना," बाबा म्हणाले. त्यांनी शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या. "त्याचं असं झालं, मी नोकरीला लागलो तेव्हा स्टँडवर मुळात माइकच नव्हता. कर्णा होता. पत्र्याचा. एवढा. तो धरायला आमचे एक साहेब होते, त्यांना मालेगाव म्हणता यायचं नाही..."

सिग्नल हिरवा झाला, लाल झाला. मागच्या गाड्या आमच्या बाजूनं निघून गेल्या. पोलीस एका पायावरून दुसऱ्या पायावर आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी समोर पाहिलं.

"काका," तो म्हणाला, "सोडलं. जा तुम्ही."

"थांबा हो," बाबा म्हणाले. "अजून ऑपरेशन व्हायचंय."

मी इंजिन बंद केलं आणि स्कूटर स्टँडला लावली.